परराष्ट्र धोरण कळायचं असेल तर जहाजाचे कागद वाचा

बॅलार्डकर | १४ नोव्हेंबर २०२५, २३:१०

इथल्या मागच्या तीन-चार धाग्यांत एकच भांडण पाहिलं. भारत अमेरिकेच्या गोटात गेला की रशियाच्या? इराणला सोडलं का? तियान्जिनच्या शिखर परिषदेला जाऊन चीनशी हात मिळवले म्हणजे गलवान विसरलो का? प्रत्येक जण आपापला झेंडा घेऊन येतो, पन्नासाव्या प्रतिसादाला गाडी नेहरूंवर पोचते आणि संपादक धाग्याला कुलूप लावतात.

मी फोर्टात मालवाहतुकीच्या धंद्यात आहे. कंटेनरचं बुकिंग, कस्टमचे कागद, विमा, बँकेची एलसी (पैसे देण्याची हमी) हे रोजचं काम. राज्यशास्त्राचा आणि माझा संबंध बारावीत सुटला. पण जगात कुठे काही पेटलं की पेपरात विश्लेषण छापून येण्याआधी आमच्याकडे शिपिंग लाइनची ईमेल येते, की अमुक तारखेपासून अमुक सरचार्ज. म्हणून म्हटलं, या धाग्यात देश बाजूला ठेवू आणि एक जहाज घेऊ.

२५ डिसेंबर २०२३ ला 'केम प्लूटो' नावाचा टँकर मुंबईबाहेर नांगरायला आला. दोन दिवस आधी अरबी समुद्रात, पोरबंदरपासून साधारण २०० सागरी मैलांवर, त्याच्यावर ड्रोन आदळला होता. तटरक्षक दलाचं 'विक्रम' त्याला सोबत करत घेऊन आलं आणि नौदलाच्या स्फोटक-तज्ज्ञांनी इथे तो तपासला. आता कागद बघा. झेंडा लायबेरियाचा. मालक जपानी. चालवणारी कंपनी नेदरलँड्समधली. पोटात सौदीचं कच्चं तेल. जायचं होतं मंगळूरला. जहाजावर २१ माणसं, त्यांतली २० भारतीय आणि एक व्हिएतनामी. अमेरिका म्हणाली ड्रोन इराणातून आला, इराण म्हणाला आमचा संबंध नाही.

या जहाजावरचा हल्ला नक्की कोणावर झाला? लायबेरियावर झाला असं कोणी म्हणणार नाही. जपानने आरमार पाठवलं नाही. तेल आपल्याकडे यायचं होतं आणि माणसं आपली होती, म्हणून आपली जहाजं धावली. आणि तरीही येमेनच्या हुथी बंडखोरांविरुद्ध तांबड्या समुद्रात अमेरिकेने जी आघाडी उभी केली होती तिच्यात आपण सामील झालो नाही. स्वतःच्या युद्धनौका स्वतंत्रपणे अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताकडे ठेवल्या. टीव्हीवर याला कोणी धाडस म्हटलं, कोणी कच खाणं. मला ते सरळ हिशोबाचं काम वाटलं. आघाडीत गेलो असतो तर इराणशी बिघडलं असतं, आणि कोणीच गेलं नसतं तर आपली पोरं वाऱ्यावर.

दुसरं जहाज 'एमएससी एरीज'. १३ एप्रिल २०२४ ला इराणच्या कमांडोंनी हेलिकॉप्टरने उतरून होर्मुझजवळ ते ताब्यात घेतलं. झेंडा पोर्तुगालचा, मालकी इस्रायली उद्योगपतीशी जोडलेल्या कंपनीकडे, २५ पैकी १७ खलाशी भारतीय, आणि जहाज निघालं होतं आपल्या न्हावा शेवाला. परराष्ट्रमंत्र्यांनी लगेच तेहरानला फोन लावला, माणसं टप्प्याटप्प्याने सुटत गेली. आणि बरोबर एका महिन्याने, १३ मे ला, त्याच इराणबरोबर आपण चाबहार बंदराचा १० वर्षांचा करार केला. त्याच दिवशी अमेरिकेने निर्बंधांची आठवण करून दिली. यात आपण कोणाच्या बाजूने होतो ते सांगा बरं.

विम्याचंही सांगतो, कारण खरा खेळ तिथे आहे. कोणता समुद्र धोक्याचा हे लंडनमधली जॉइंट वॉर कमिटी यादी करून ठरवते. तुमचं जहाज त्या पट्ट्यातून जाणार असेल तर साधारण सात दिवसांसाठी वेगळा प्रीमियम. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रासाठी हा दर जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास गेला होता. समजा जहाज पाच कोटी डॉलरचं आहे, तर एका फेरीला पाच लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने चार कोटी रुपयांच्या वर. बहुतेक कंटेनर लाइन्सनी त्यापेक्षा आफ्रिकेला वळसा घालून केपवरून जाणं पसंत केलं, १० ते १४ दिवस जास्त. या नोव्हेंबरात (२०२५) हुथींचे हल्ले थांबल्यासारखे आहेत, तरी मोठ्या लाइन्स अजून पूर्णपणे सुएझवर परतलेल्या नाहीत. शस्त्रसंधी जाहीर व्हायला एक दिवस लागतो, प्रीमियम उतरायला महिने लागतात.

तर माझं म्हणणं एवढंच, की आजचं जग मित्र-शत्रूंच्या यादीतून वाचता येत नाही. माल कोणाचा, झेंडा कोणाचा, विमा कोणाचा, पैसे कुठल्या बँकेतून, माणसं कुठली, हे पाच रकाने भरा. कोण कोणाचा हात पिरगाळू शकतो ते तिथे दिसतं. तुमच्या कामात असे रकाने दिसत असतील तर लिहा.

मुलुंडची_मिसळ | १४ नोव्हेंबर, २३:३४

जागा पकडून ठेवते. उद्या सविस्तर लिहीन. माझं माहेर निफाडचं आहे, द्राक्षं. बास, एवढ्यावरून कळलंच असेल.

चीफसाहेब | १५ नोव्हेंबर, ०६:२०

चांगला धागा. मी इंजिन रूममधून निवृत्त. बॅलार्डकरांनी पाच रकाने सांगितले, मी पाचव्याबद्दल लिहितो.

दक्षिण तांबडा समुद्र युद्धजन्य क्षेत्र जाहीर झाल्यावर खलाशांच्या संघटना आणि जहाजमालक यांच्या करारानुसार त्या पट्ट्यात मूळ पगार दुप्पट, आणि जायचं नसेल तर नकार देण्याचा हक्क, कंपनीच्या खर्चाने घरी परत. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात नकार देणारा पोरगा पुढच्या कॉन्ट्रॅक्टचा विचार करतो. आणि हा करार सगळ्या जहाजांना लागू नसतो, तो ज्यांनी सही केली आहे त्यांनाच.

आपल्याला अभिमान वाटावा असंही घडलं. मार्च २०२४ मध्ये 'एमव्ही रुएन' सोडवलं तेव्हा हवाई दलाच्या सी-१७ मधून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, १७ खलाशी सुखरूप सुटले, ३५ सोमाली चाचे पकडले. 'आयएनएस कोलकाता'ने त्यांना मुंबईत आणलं आणि पोलिसांच्या हवाली केलं. जहाजाचा झेंडा माल्टाचा होता, खलाशांत एकही भारतीय नव्हता. खटला मात्र मुंबईत, २०२२ च्या चाचेगिरीविरोधी कायद्याखाली. हिंदी महासागरात पोलीस कोण, या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी यलो गेटच्या पोलीस ठाण्यात लिहिलं गेलं. दिल्लीत किती भाषणं झाली ते मला ठाऊक नाही.

रोखठोक_ठाणे | १५ नोव्हेंबर, ०९:०५

लेख छान, पण शेवटी सगळं 'हिशोब हिशोब' करून कुंपणावर बसण्याचं समर्थन आहे. सगळ्यांशी गोड बोललं की वेळेला कोणीच येत नाही. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा तुर्कस्तान आणि अझरबैजान उघड पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिले, चीनची विमानं आणि क्षेपणास्त्रं त्यांच्याकडे होती. आपल्या बाजूने एवढं ठाम कोण बोललं? ट्रम्प तर युद्धबंदी मीच केली म्हणून रोज सांगत होते आणि आपण रोज नाकारत होतो. सप्टेंबरात सौदीने पाकिस्तानबरोबर संरक्षण करार केला, एकावर हल्ला म्हणजे दोघांवर. तुमच्या पाच रकान्यांत हे कुठे बसतं?

बॅलार्डकर | १५ नोव्हेंबर, १०:४०

@रोखठोक_ठाणे, प्रश्न रास्त आहे. सौदीने १७ सप्टेंबरला करार केला. त्यानंतर आपल्याला तेल विकणं थांबवलं का? नाही. तिथल्या आपल्या माणसांना परत पाठवलं का? नाही. आखाती देशांत मिळून ९० लाखांच्या आसपास भारतीय आहेत. सौदीला पाकिस्तानकडून फौज आणि कदाचित अण्वस्त्रांची सावली हवी, आपल्याकडून गिऱ्हाईक आणि कामगार हवेत. त्यांनी दोन्ही खाती उघडी ठेवली. आपण करतो तेच.

वेळेला कोण येतं म्हणाल तर, दुसऱ्याच्या लढाईत कोणीच फुकट येत नाही. १९७१ मध्ये रशिया आला कारण ऑगस्टमध्ये करार केला होता आणि त्याला चीनचं भय होतं.

रोखठोक_ठाणे | १५ नोव्हेंबर, १०:५२

म्हणजे करार केला म्हणूनच आला ना? मग आताही कोणाशी तरी करा की!

अंधेरी_पूर्व | १५ नोव्हेंबर, १३:१५

मी सीप्झमध्ये, म्हणजे अंधेरीच्या निर्यात क्षेत्रात, दागिन्यांच्या एका युनिटमध्ये आहे. इथे कोणी 'व्यूहात्मक स्वायत्तता' म्हटलं की आम्हाला २७ ऑगस्ट आठवतो.

अमेरिकेने आधी २५ टक्के लावले. मग रशियन तेल घेता म्हणून आणखी २५, ते २७ ऑगस्टपासून. त्याआधी आमच्याकडे रात्रपाळ्या सुरू होत्या, कारण तारखेच्या आत जेवढा माल निघेल तेवढा काढायचा होता. हिऱ्यांचे सेटर टेबलावरच डबा खायचे. सप्टेंबर लागला आणि सेटिंग डिपार्टमेंटमधले दिवे अर्धे बंद. नाताळच्या ऑर्डरींचा हा हंगाम. देशातून वर्षाला सुमारे १० अब्ज डॉलरचे हिरे-दागिने एकट्या अमेरिकेला जातात आणि सीप्झचा बहुतेक माल तिकडचाच. पगारी कामगारांना ठेवलं, जॉबवर्कवाल्यांना 'फोन करू' सांगितलं. ते बहुतेक बंगालचे किंवा आपल्या कोकणातले. घरी निघून गेले.

माझा हिशोब असा आहे: २०२२ च्या आधी आपल्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांच्या आत होतं, मग ते एक तृतीयांशाच्या वर गेलं. स्वस्त तेलाचा फायदा रिफायनऱ्यांना झाला, पेट्रोल पंपावर मला तो दिसला नाही. शिक्षा मात्र आमच्या टेबलावर आली. देशाचं धोरण बरोबर असेलही, पण त्याचं बिल कोणाच्या नावाने फाडायचं हे कोणी ठरवलं?

आणि चीन आपल्यापेक्षा जास्त रशियन तेल घेतो. त्याच्यावर हे दुसरे २५ टक्के का लागले नाहीत?

खडूस_अर्थतज्ज्ञ | १५ नोव्हेंबर, १३:५०

कारण चीनच्या हातात मॅग्नेट आहेत. एप्रिलमध्ये त्यांनी दुर्मीळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. अमेरिकेतल्या गाड्यांच्या कारखान्यांना घाम फुटला, आपल्याकडे चाकणपर्यंत धग पोचली. ट्रम्प यांनी चीनवर कर शंभरच्या वर नेऊन पाहिला आणि मग बोलणी करून खाली आणला. आपल्याकडे असं काय आहे की जे बंद केल्यावर वॉशिंग्टनमध्ये कोणाची झोप उडेल? औषधं थोडीफार. म्हणून तर औषधं करातून वगळली.

अंधेरी ताई, रिफायनऱ्यांबद्दल सहमत. फक्त दुसरी बाजू ही, की आपण ते तेल घेतलं नसतं तर तेवढ्याच पिंपांसाठी आखातात रांगेत उभे राहिलो असतो आणि भाव सगळ्यांसाठी चढला असता. २०२२ मध्ये अमेरिकेलाही हेच हवं होतं. रशियन तेलाच्या भावावर पिंपाला ६० डॉलरची कमाल मर्यादा त्यासाठीच होती, की तेल वाहत राहावं आणि रशियाला पैसे कमी मिळावेत.

अंधेरी_पूर्व | १५ नोव्हेंबर, १४:०५

हे सेटरला समजावून सांगायला या एकदा.

लेहरिटर्न | १५ नोव्हेंबर, १७:३०

मुंबईत बसून लिहिलेला धागा आहे हे कळतंय. सगळं समुद्रावरून दिसतं असं धरून चाललात. माझी नोकरी जिथे झाली तिथे कंटेनर येत नाहीत.

जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान गेले. त्या वर्षी चीनबरोबरच्या व्यापाराचे कागद वाचले असते तर दोन देश अगदी गळ्यात गळे घालून आहेत असंच वाटलं असतं. त्यानंतर वाढत वाढत २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली, आणि त्याच काळात दोन्हीकडचे हजारो सैनिक हिवाळा वर काढत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखमधल्या देपसांग आणि देमचोकला गस्तीचा समझोता झाला, बरं झालं, पण तेव्हा वर नेलेलं सैन्य पूर्ण उतरलेलं नाही.

तुमचा हिशोब सांगतो की ज्याच्याशी देणंघेणं आहे तो हल्ला करताना दहादा विचार करेल. चीनने केला का विचार? सैन्यात आम्हाला शिकवलं की शेजाऱ्याकडे काय आहे ते बघा, त्याच्या मनात काय आहे ते उद्या बदलेल. विम्याचा दर चढतो तो ड्रोन पडल्यावर. चौकीवरच्या माणसाला आधी कळावं लागतं.

बॅलार्डकर | १५ नोव्हेंबर, १८:१५

@लेहरिटर्न, देणंघेणं असलं की युद्ध होत नाही असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पहिलं महायुद्ध भरपूर व्यापार करणाऱ्या देशांतच झालं. हल्ल्यानंतर कोणाकडे किती दम शिल्लक राहतो, ते कागद सांगतात. गलवाननंतर आपण टिकटॉक बंद करू शकलो. औषधांचा कच्चा माल बंद करू शकलो नाही, कारण तो तिकडूनच येतो. ९९ अब्जांची तूट म्हणजे सीमेवरच्या पुढच्या बोलण्यांत समोरच्याच्या खिशात असलेला हुकूम. तुमच्या आणि माझ्या बोलण्यात फार अंतर आहे असं वाटत नाही.

लेहरिटर्न | १५ नोव्हेंबर, १८:२२

आहे. पण चालू द्या.

गिरगाव_१९५० | १५ नोव्हेंबर, २१:४५

तरुण मंडळींनी इतकं लिहिलं आहे, म्हाताऱ्याने थोडी भर घालावी म्हणतो. कुंपणावर बसण्याची किंमत आणि फायदा दोन्ही या शहराने एकदाच, एका वर्षात पाहिलेला आहे. मी तेव्हा सहार विमानतळावर नोकरीला होतो.

ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळलं. तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास आपली माणसं अडकली. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दामने त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर छापला गेला आणि त्यांना पुष्कळ शिव्या पडल्या. पण इराकने माणसं जॉर्डनमार्गे निघू दिली. अम्मानहून मुंबईला एअर इंडियाची विमानं दोन महिने येत होती, जवळजवळ ५०० उड्डाणं. माणसं उतरायची तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी, आत पासपोर्ट आणि कुवेती दिनार. एका रात्रीत त्या नोटांचा कागद झाला होता. विमानतळावरचे पैसे बदलून देणारेसुद्धा हात लावायला तयार नसत. चिपळूणकडचा एक गृहस्थ मला ती नोट दाखवून म्हणाला, "साहेब, एवढ्यावर एसटीचं तिकीट मिळेल का?" आम्ही दोघा-तिघांनी मिळून त्याला गाडीभाडं दिलं.

जानेवारी १९९१. युद्ध सुरू झालं. आता चंद्रशेखर पंतप्रधान. आणि त्याच सहारवर अमेरिकेची लष्करी मालवाहू विमानं फिलिपिन्सकडून आखाताकडे जाताना इंधन भरायला उतरू लागली. पाच महिन्यांपूर्वी सद्दामची मिठी, आता त्याच्यावर हल्ला करणाऱ्यांना आपलं इंधन! पेपरात बातमी फुटली, काँग्रेसने बाहेरून दिलेला पाठिंबा काढायची भाषा केली, आणि फेब्रुवारीत ते थांबलं. त्याच जानेवारीत नाणेनिधीकडून आपल्याला सुमारे १८० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं होतं. या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता, यावर आमच्या कॅन्टीनमध्ये रोज वाद व्हायचा. मला विचाराल तर होता.

मग जुलै. तेल महागलेलं, आखातातून येणारा पैसा आटलेला, तिजोरीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर. रिझर्व्ह बँकेने जवळजवळ ४७ टन सोनं चार खेपांत परदेशी पाठवलं, तारण म्हणून, बदल्यात ४० कोटी डॉलर. ते सोनं फोर्टातून गाड्यांत भरून आमच्याच विमानतळावर आलं. ज्या रस्त्याने कुवेतवाले रिकाम्या हाताने घरी गेले, त्याच रस्त्याने उलट दिशेने सोनं गेलं.

रोखठोक साहेब, तेव्हा आपण कोणाच्याच गोटात नव्हतो म्हणून माणसं सुटली. आणि कोणाच्याच गोटात नव्हतो म्हणूनच बहुधा सोनं गहाण टाकावं लागलं, कोणी उधार दिलं नाही. दोन्ही खरं. गंगाजळी भरलेली असेल तर कुंपणावर आरामात बसता येतं, रिकामी असेल तर तेच कुंपण टोचतं. रिझर्व्ह बँकेने अलीकडे लंडनमध्ये ठेवलेलं १०० टन सोनं परत देशात आणलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. रशियाची गंगाजळी गोठवलेली पाहून बँकेने ही खबरदारी घेतली असावी, हा माझा अंदाज.

रोखठोक_ठाणे | १५ नोव्हेंबर, २२:१०

काका, हे कुठे वाचलं नव्हतं. इंधनाचं तर अजिबात माहीत नव्हतं. दंडवत. मुद्दा सोडलेला नाही हे नमूद करतो :)

मुलुंडची_मिसळ | १६ नोव्हेंबर, ००:३०

काल कबूल केलं होतं ते लिहिते. आमच्याकडे द्राक्षं जानेवारी ते एप्रिल युरोपला जातात, बहुतेक नेदरलँड्समधून पुढे. न्हावा शेवाहून रीफर (थंड ठेवणारे) कंटेनर, सुएझमार्गे. केपवरून जायला लागल्यावर दोन आठवडे वाढले. द्राक्ष घड्याळ लावून बसलेलं असतं. देठ वाळून तपकिरी झाला की तिकडचा खरेदीदार पेटी उघडून फोटो पाठवतो आणि भाव पाडतो. भावाने त्या वर्षी अर्धा माल देशातच विकला. तो हुथींना ओळखत नाही, येमेन नकाशात दाखव म्हटलं तर आफ्रिकेत बोट ठेवेल. पण फ्रेट किती चढलं ते त्याला डॉलरमध्ये पाठ होतं.

मशीदबंदर_खारीकवाला | १६ नोव्हेंबर, ११:२०

आमचा रकाना वेगळाच. पाकिस्तानची खारीक. २०१९ ला पुलवामानंतर २०० टक्के ड्युटी लागली, तेव्हाच धंदा मेला. यंदा २ मे पासून आयात पूर्ण बंद, तिसऱ्या देशातून फिरवून आणली तरी बंद. पण माल थांबतो का? जूनमध्ये डीआरआयने (महसूल गुप्तचरांनी) न्हावा शेवाला ३९ कंटेनर पकडले, १,११५ टन माल, कागदांवर मूळ देश अमिराती. नंतरच्या एका कारवाईत खारीक आणि सौंदर्यप्रसाधनं. दुबईच्या जेबेल अली बंदरात कंटेनर बदलायचा, नवीन बीएल (मालाची जहाज-पावती) काढायचं, झाला अमिराती माल. बॅलार्डकर म्हणतात कागद वाचा, मी म्हणतो कागदावर विश्वास ठेवू नका. बाजारात आम्ही नुसती सुरकुती बघून सांगतो की सिंधची आहे.

बांगलादेशचंही तसंच. शेख हसीनांची सत्ता गेली, संबंध बिघडले, मेमध्ये नियम आला की तिकडचे तयार कपडे जमिनीच्या नाक्यांवरून येणार नाहीत, फक्त कोलकाता आणि न्हावा शेवातून. ढाक्याचा शर्ट आता श्रीलंकेला वळसा घालून मुंबईत येतो.

खडूस_अर्थतज्ज्ञ | १६ नोव्हेंबर, ११:४५

सुरकुतीवरून मूळ देश! कस्टमने तुम्हाला नोकरीवर ठेवायला हवं.

अवांतर: चाबहारचं पुढे काय झालं ते राहिलं. अमेरिकेने २०१८ पासूनची सवलत २९ सप्टेंबरला काढली, मग ऑक्टोबरअखेर आपल्याला सहा महिन्यांची मुदत मिळाल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं. म्हणजे करार १० वर्षांचा आणि श्वास सहा महिन्यांचा. मुंबईहून इराणमार्गे रशियाला जाणारा जो कॉरिडॉर २००० पासून कागदावर आहे, त्याचंही नशीब यातच अडकलं आहे. आणि २०२३ ला दिल्लीत जाहीर केलेला आखातातून इस्रायलमार्गे युरोपचा कॉरिडॉर? महिन्याभरात गाझाचं युद्ध सुरू झालं.

कळव्याची_आई | १६ नोव्हेंबर, १६:००

सगळं वाचलं, बरंचसं डोक्यावरून गेलं. पण एक विचारायचंय. मुलगा डेक कॅडेट, कोर्स संपून वर्ष होत आलं, जहाज मिळत नाही. सीबीडी बेलापूरचा एक एजंट म्हणतो टँकरवर लगेच लावतो, दुबईला जॉइन व्हायचं, पैसे आधी द्या. चीफसाहेब, पाठवू का?

चीफसाहेब | १६ नोव्हेंबर, १६:४०

ताई, पैसे देऊ नका. कॅडेटकडून नोकरीसाठी पैसे घेणं बेकायदेशीर आहे.

आता का म्हणतो ते ऐका, हा धाग्याचाच विषय आहे. रशियन, इराणी तेलावर निर्बंध आले की चांगल्या विमा क्लबांना त्या जहाजांपासून लांब राहावं लागतं. जगातल्या मालवाहू जहाजांच्या जवळजवळ ९० टक्के टनभाराचा तिसऱ्या पक्षाचा विमा (पी अँड आय) १२ क्लबांच्या एका गटाकडे आहे, आणि त्यांचे नियम पाश्चात्त्य कायद्याला बांधलेले. मग मागच्या दाराने जुनी, भंगारात जायच्या लायकीची टँकर विकत घेतली जातात. मालक म्हणून एखादी पत्त्यापुरती कंपनी, झेंडा आज गॅबनचा, उद्या कोमोरोसचा, विमा कोणाचा देव जाणे. ट्रान्सपॉन्डर (जहाजाची जागा सांगणारं यंत्र) बंद करून भर समुद्रात माल बदलायचा. या जहाजांना खलाशी हवेत, आणि नोकरीसाठी तडफडणारी पोरं आपल्याकडे आहेत. गेल्या महिन्यात रॉसनेफ्ट आणि लुकऑइल या रशियन तेल कंपन्यांवर अमेरिकेचे निर्बंध आले, म्हणजे अशा जहाजांना आणखी तेजी. जहाज पकडलं गेलं किंवा मालक पळाला की पगार बंद, अन्न-पाणी बंद, पोरगा नांगरावर महिनोन्‌महिने. आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या जागतिक महासंघाच्या हिशोबाने २०२४ मध्ये ३०० हून अधिक जहाजांवर ३,००० हून अधिक खलाशी असे सोडून दिले गेले. सगळ्यांत जास्त भारतीय.

एजंटला चार गोष्टी लेखी मागा: त्याचा आरपीएसएल (खलाशी भरतीच्या परवान्याचा) नंबर, जहाजाचा आयएमओ (जागतिक नोंदणीचा) नंबर, झेंडा, आणि पी अँड आय क्लबचं नाव. आरपीएसएल डीजी शिपिंगच्या (सरकारच्या नौवहन महासंचालनालयाच्या) साइटवर तपासा. त्यांचं कार्यालय कांजूरमार्गला आहे, कळव्याहून लांब नाही, मुलाला प्रत्यक्ष जाऊन विचारू द्या. आयएमओ नंबर जहाजाला जन्मभर एकच असतो. नाव आणि झेंडा कितीही बदलला तरी तो टाकला की मागचा सगळा इतिहास निघतो.

बॅलार्डकर | १६ नोव्हेंबर, १७:०५

+१. आयएमओ नंबर मिळाला तर मलाही द्या, निर्बंधांच्या याद्या आमच्याकडे रोज तपासाव्या लागतात, पाच मिनिटांचं काम आहे.

कळव्याची_आई | १७ नोव्हेंबर, १९:३०

काल संध्याकाळी एजंटला चारही गोष्टी व्हॉट्सअ‍ॅप केल्या. निळ्या टिका झाल्या. आज सकाळी फोन करून म्हणाला, "मॅडम, एवढे प्रश्न विचारणाऱ्यांची पोरं घरीच बसतात." मी म्हटलं बसू दे. नंबर दिला नाही. आरपीएसएल म्हणून जो नंबर त्याने पाठवला तो साइटवर दुसऱ्याच कंपनीचा निघाला.

चीफसाहेब | १७ नोव्हेंबर, १९:४८

तो नंबर आणि त्याचा मेसेज दोन्ही मला व्यनि करा, डिलीट करू नका. डीजी शिपिंगकडे तक्रार टाकू. आणि मुलाचा सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि इंडॉस (खलाशांच्या सरकारी नोंदणीचा) नंबर झाला असेल तर त्याचा बायोडेटा पाठवा, ओळखीच्या दोन कंपन्यांत जानेवारीत कॅडेट घेतात. शब्द देत नाही, पण विचारतो.